पालखीची वाट आखणारे श्री हैबतबाबा आरफळकर

श्री महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनासाठी नागपुराहून कोराडीस येणारा हमरस्ता पुढे सावनेरवरून छिंदवाड्याकडे जातो आणि सातपुड्याच्या घाटात शिरतो. आज या घाटातून रात्रंदिवस वाहने धावतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेस येणाऱ्या प्रवाशाला सातपुडा ओलांडणे म्हणजे जिवावरचा प्रसंग वाटे. याच पर्वताच्या एका दरीत, दरोडेखोरांच्या कैदेत असताना, एका मराठा सरदाराच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे त्याच सरदाराने आळंदी ते पंढरपूर हा पायी सोहळा उभा केला. त्यांचे नाव श्री हैबतराव पवार आरफळकर. वारकरी त्यांना आदराने हैबतबाबा म्हणतात.

नवरात्रात नागपूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून अनेक भाविक आईच्या दर्शनाला पायी येतात. ही चाल एका रात्रीची, फार तर एका दिवसाची. ती पूर्ण झाली की पुष्कळांच्या मनात लांबच्या पायी यात्रेची, विशेषतः पंढरीच्या वारीची इच्छा उत्पन्न होते आणि तिच्यापाठोपाठ पहिला प्रश्न उभा राहतो तो वाटेचा : कोठून निघावे, कोणत्या मार्गाने जावे, किती दिवस चालावे. हैबतबाबांचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे, कारण त्यांनी ही वाट स्वतःपुरती निवडली नाही. लहान मुले, वृद्ध, स्त्रिया, बैल, घोडे यांसह हजारो लोकांना दरवर्षी चालता येईल, अशी वाट त्यांना शोधावयाची होती.

हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. घराणे मराठा, पेशा शिपाईगिरीचा. त्या काळातील अनेक कर्तबगार मराठ्यांप्रमाणे त्यांनीही उत्तरेची वाट धरली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी नोकरी केली. श्रीमंत महादजी शिंदे यांनी उत्तरेत मराठी सत्तेचा जो पसारा उभारला होता, त्यात दक्षिणेतून गेलेल्या सरदारांना, शिलेदारांना आणि कारकुनांना मोठा वाव होता. हैबतबाबा तेथे सरदारकीच्या मानाला पोहोचले. फौजेची कूच कशी करावी, मुक्काम कोठे टाकावा, घोडी आणि बैल यांच्या चाऱ्यापाण्याची सोय कशी लावावी, पहाटेच्या अंधारात शेकडो माणसांना एकाच वेळी कसे हलवावे, या विद्येत ते मुरले. हा अनुभव पुढे परमार्थाच्या कामी येईल, याची कल्पना त्या वेळी त्यांनाही नसावी. घरच्या संस्कारांमुळे मुखात हरिपाठ मात्र होता.

नोकरीत मिळविलेली संपत्ती घेऊन, काही सोबती बरोबर घेऊन, हैबतबाबा गावाकडे निघाले. सातपुड्यात दरोडेखोरांच्या टोळीने त्यांना गाठले. द्रव्य लुटले, सर्वांना एका गुहेत कोंडले आणि तोंडाशी शिळा लावली. संप्रदायात सांगितली जाणारी कथा अशी की, सुटकेची आशा मावळल्यावर हैबतबाबांनी श्री ज्ञानेश्वर माउलींचे स्मरण करून अखंड हरिपाठ आरंभिला. एकवीस दिवस तो चालला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात त्याने गुहेची शिळा दूर करविली. आत मरणोन्मुख अवस्थेतही नामस्मरण चाललेले पाहून त्याचे मन द्रवले आणि त्याने सर्वांना लुटलेल्या द्रव्यासह सोडून दिले.

यानंतर हैबतबाबांपुढे दोन वाटा होत्या. एक आरफळची. तेथे घर होते, वतन होते, वर्षानुवर्षे वाट पाहणारे आप्त होते. दुसरी आळंदीची. प्राण ज्यांच्या कृपेने वाचले, अशी त्यांची श्रद्धा होती, त्या माउलींची समाधी तेथे होती. हैबतबाबा घरी गेले नाहीत. ते थेट आळंदीस आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी माउलींच्या सेवेस वाहिले. रोज रात्री समाधीपुढे शेजारतीपर्यंत भजनात उभे राहणे हा त्यांचा नेम होता. एवढ्या मोठ्या लष्करी माणसाने आपले सरदारपण कोणत्या क्षणी खाली ठेवले, याचा विचार करणाऱ्याने हा सातपुडा ते आळंदी प्रवास डोळ्यांपुढे आणावा. त्यांच्या आयुष्यातील पहिली खरी पायी यात्रा हीच म्हणावी लागेल, आणि तिची वाट त्यांनी भीतीतून सुटल्यावर, पूर्ण जाणिवेने निवडली होती.

पंढरीची वारी हैबतबाबांच्या पूर्वी शेकडो वर्षे चालू होती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. माउलींच्या आईवडिलांच्या घराण्यातही वारी होती. पालखीची प्रथा सुरू करण्याचे श्रेय श्री तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र श्री नारायण महाराज यांना दिले जाते. त्यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून आळंदीस आणल्या, तेथे माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही पादुकांची एकत्र पालखी पंढरीस नेली. ज्ञानोबा तुकाराम हा नामघोष त्या एकत्र पालखीचाच प्रसाद समजला जातो. हा क्रम सुमारे दीड शतक टिकला. पुढे देहूकर घराण्यात सोहळ्याच्या हक्कांविषयी मतभेद झाले. अशा वेळी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे निघावी, असा विचार हैबतबाबांनी केला आणि १८३२ च्या सुमारास तो प्रत्यक्षात आणला. भक्तीच्या क्षेत्रातही मानपानाचे तंटे होतात. हैबतबाबांनी तंट्यात न पडता वेगळी व्यवस्था उभी केली, यात त्यांचे शहाणपण दिसते. आज देहू आणि आळंदी येथील दोन्ही पालख्या आपापल्या वाटेने निघतात आणि पंढरीच्या अलीकडे, वाखरीच्या तळावर, इतर संतांच्या पालख्यांसह एकत्र येतात.

स्वतंत्र पालखी काढावयाची म्हणजे साहित्य हवे, मनुष्यबळ हवे. येथे हैबतबाबांचे जुने ऋणानुबंध कामी आले. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील सरदार शितोळे यांचे घराणे शिंद्यांचे सोयरे होते. महादजींच्या कन्या बाळाबाई या लाडोजी शितोळे यांना दिलेल्या होत्या. शितोळे सरकारांनी माउलींच्या सेवेसाठी घोडे, तंबू आणि नैवेद्याची व्यवस्था दिली. आजही माउलींचे अश्व अंकलीहून पायी चालत आळंदीस येतात आणि तेथून पंढरीस जातात. म्हणजे माणसांची वारी सुरू होण्यापूर्वीच या अश्वांची एक वारी झालेली असते. भजनाची बाजू सांभाळण्यासाठी खंडोजीबुवा वासकर यांच्यासारखे थोर वारकरी हैबतबाबांना लाभले. शेडगे मंडळींचेही साहाय्य झाले. वासकर, शेडगे ही नावे आजही सोहळ्यातील मानाच्या दिंड्यांशी जोडलेली आहेत.

आता वाटेचा प्रश्न. १८३२ चा काळ डोळ्यांपुढे आणावा. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली होती. पुणे आणि नीरेच्या उत्तरेकडील मुलूख इंग्रज कंपनीच्या अमलाखाली गेला होता. नीरेच्या दक्षिणेस साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते आणि त्याला लागून फलटणची नाईक निंबाळकरांची जहागीर होती. पेंढाऱ्यांचा उपद्रव नुकताच थांबला होता. लांबच्या वाटेने, मोठ्या जमावाने, घोडे आणि पताका घेऊन जाणे ही साधी गोष्ट नव्हती, कारण असा जमाव नव्या सत्ताधीशांच्या नजरेत भरणारा होता. शिवाय १८१८ मध्ये दख्खनेत पटकीची साथ आली होती आणि नंतरही ती वारंवार उलटत होती. यात्रेच्या गर्दीत पाणी दूषित झाले की तिचा फैलाव वणव्यासारखा होई. वाट निवडताना चूक झाली, तर तिची किंमत भाविकांच्या प्राणांनी मोजावी लागली असती.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर पालखीच्या मार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर असा तो मार्ग आहे. तुकोबारायांची पालखी पुण्याहून लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, सराटी, अकलूज अशी, अधिक सपाट प्रदेशातून जाते. नकाशा पुढे घेऊन दोन्ही वाटा पाहिल्या, तर माउलींच्या वाटेला सुरुवातीलाच एक मोठा अडसर दिसतो, तो दिवे घाटाचा. पुण्याहून सासवड हा साऱ्या वारीतील सर्वांत लांब टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा, आणि त्यातच ही चढण. आजही येथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. मग ही वाट का?

याचे उत्तर सासवडच्या पलीकडे पाहिले की मिळते. सासवड येथे श्री सोपानकाकांची समाधी आहे. माउली आपल्या धाकट्या बंधूंच्या गावावरून जातात, ही भावना वारकऱ्यांच्या मनात फार खोल आहे. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. मोठ्या चढणीनंतर विश्रांती हवी, हे फौजेची कूच केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे जेजुरीस खंडोबा, वाल्ह्यास वाल्मीकी ऋषींचे स्थान, फलटणला श्रीराम मंदिर. मुक्कामाच्या ठिकाणी देवस्थान आहे म्हणजे विहीर आहे, धर्मशाळा आहे, यात्रेकरूंना ओळखणारे गाव आहे. पुण्यस्थळ आणि पाण्याची सोय या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी क्वचितच वेगळ्या मानल्या.

दुसरे कारण नद्यांचे. आषाढात नद्या भरतात आणि १८३२ मध्ये पूल नव्हते. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे. पुण्याहून दक्षिणेस उतरलेली ही वाट नीरा ओलांडते आणि मग भीमा न ओलांडता थेट पंढरीच्या वेशीशी पोहोचते. नीराही ती वरच्या अंगाला ओलांडते, जेथे नदीचे पात्र खालच्या मानाने लहान आहे. तुकोबांची पालखी हीच नीरा बरीच खाली, सराटीजवळ ओलांडते. दोन्ही ठिकाणी आज पूल आहेत आणि दोन्ही ठिकाणी पादुकांना नीरास्नान घातले जाते. ज्या नदीने पूर्वी यात्रेकरूंची परीक्षा पाहिली, तिच्याच पाण्याने आता पादुकांना स्नान घडते. तिसरे कारण पावसाचे. आळंदी आणि पुणे सोडून दिवे घाट चढले की मावळातील मुसळधार पाऊस मागे पडतो. पुरंदरचे पठार, फलटण आणि माळशिरस हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तेथे जून-जुलैत पाऊस पडतो तो सरींचा. रात्री उघड्यावर किंवा राहुटीत झोपणाऱ्या हजारो माणसांसाठी हा फरक लहान नव्हे.

ही कारणे हैबतबाबांनी लिहून ठेवलेली नाहीत. पण जो माणूस ग्वाल्हेर ते दख्खन हा प्रदेश घोड्यावरून आणि पायी फिरला होता, त्याने डोंगर, नदी आणि पाऊस यांचा विचार केला नसेल, असे मानणे कठीण आहे. आणखी एक गोष्ट मनाला स्पर्श करून जाते. नीरा ओलांडल्यावर पालखी सातारा जिल्ह्यात, म्हणजे हैबतबाबांच्या स्वतःच्या मुलखात शिरते. लोणंदहून आरफळ काही फार दूर नाही. पालखी थोडी वळवली असती, तर जन्मगावी माउलींचे पाय लागले असते. वाट तशी वळली नाही. लोणंदहून ती तरडगाव आणि फलटणकडे, पंढरीच्या दिशेने सरळ पूर्वेस निघून जाते.

वाट ठरली तरी जमाव म्हणजे सोहळा नव्हे. त्याला शिस्त लागते. हैबतबाबांनी लष्करातील शिस्त येथे आणली, पण तिच्यातील दरारा गाळून टाकला. वारकऱ्यांच्या दिंड्या केल्या. प्रत्येक दिंडीला स्थान दिले. पालखीपुढे कोणती दिंडी, मागे कोणती, हे ठरविले. आज रथापुढे २७ दिंड्यांचा मान आहे आणि रथामागे चालणाऱ्या दिंड्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे. पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला तयार व्हावे, दुसऱ्याला आपल्या दिंडीत उभे राहावे, तिसऱ्याला चालू लागावे. लाखाच्या समुदायाला चालविण्यासाठी कोणाला ओरडावे लागत नाही. भजनाचा क्रमही ठरलेला आहे. पहाटे काय म्हणावे, दुपारी काय, मुक्कामाला पोहोचताना काय, हे प्रत्येक दिंडीतील टाळकऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे पाच दिंड्या पलीकडे असलेला वारकरीही त्याच घडीला त्याच भजनात असतो.

सायंकाळी तळावर होणारी समाज आरती हा तर हैबतबाबांच्या व्यवस्थेचा कळस मानावा. पालखी तळावर पोहोचली की सर्व दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला चोप उंच धरतात आणि क्षणार्धात सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, तेथेच निकाल लागतो. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची वाच्यता होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते. कोणाचा टाळ हरवला, कोणाचे धोतर सापडले, कोणाचे पोर चुकले, हे माउलींच्या आरतीपूर्वी सांगितले जाते. हरवल्या-सापडल्याची वाच्यता झाल्याशिवाय देवाची आरती पुढे सरकत नाही, ही कल्पना ज्याला सुचली, त्या माणसाला संसार चांगला समजला होता.

रिंगण हेही याच परंपरेतील. लोणंद आणि तरडगाव यांच्यामध्ये चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. पुढे माळशिरस तालुक्यात गोल रिंगणे होतात. एका अश्वावर स्वार असतो. दुसऱ्या अश्वावर कोणीच बसत नाही, कारण तो माउलींचा. या रिकाम्या पाठीच्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वारकरी धावतात. अठरा दिवस चालून थकलेल्या शरीरांना खेळाची गरज असते, हेही फौजेतील माणसाला ठाऊक असणारच.

हैबतबाबांना स्वतः उभारलेला हा सोहळा फार वर्षे पाहता आला नाही. १८३६ मध्ये त्यांनी आळंदीतच देह ठेवला. सोहळ्याच्या मालकीचा मान पुढे आरफळकर घराण्याकडे राहिला आणि आजही प्रस्थानाच्या वेळी माउलींच्या पादुका त्यांच्याकडे सुपूर्द केल्या जातात. हैबतबाबांनंतर राज्ये बदलली, साताऱ्याचे राज्य खालसा झाले, इंग्रज गेले, बैलगाड्यांच्या जागी टँकर आणि ट्रक आले. पायी चालण्याचा क्रम मात्र टिकून राहिला. कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पादुका एस.टी. बसने पंढरीस न्याव्या लागल्या, तेव्हा वाटेवरच्या गावांनी रिकाम्या रस्त्यावर रांगोळ्या घातल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास झाला. या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा ठेवण्याची योजना आहे. हैबतबाबांनी पायवाटा आणि गाडीवाटा जोडून आखलेली ही वाट आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ म्हणून ओळखली जाते.

कोराडी आणि नागपूर परिसरातील भाविक प्रथमच लांबच्या पायी यात्रेस निघणार असतील, तर त्यांच्यापुढे आज अनेक वाटा आहेत. विदर्भातून निघणाऱ्या पालख्यांपैकी अमरावती जिल्ह्यातील श्रीक्षेत्र कौंडण्यपूर येथील रुक्मिणीमातेची पालखी फार प्राचीन समजली जाते. रुक्मिणीचे माहेर वर्धा नदीच्या काठी, तेथून सासरी पंढरीस जाणारी ही पालखी. शेगावहून श्री संत गजानन महाराजांची पालखी अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर अशी जाते. तिची शिस्त विख्यात आहे. या दोन्ही पालख्यांचा प्रवास महिन्याहून अधिक दिवसांचा आहे आणि ज्येष्ठातील वैदर्भीय उन्हात तो सुरू होतो. घरची परंपरा असेल, शरीराला सवय असेल, तर या वाटांसारखी वाट नाही. ज्याने यापूर्वी सलग तीन दिवसही चालून पाहिलेले नाही, त्याने केवळ आपल्या भागातील म्हणून प्रथमच हा पल्ला घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या मानाने आळंदीची वाट नवख्या वारकऱ्यास अधिक सोसते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस प्रस्थान होते आणि आषाढ शुद्ध दशमीस पालखी पंढरीत पोहोचते. टप्पे ठरलेले आहेत, पुणे आणि सासवड येथे मुक्काम दोन रात्रींचे आहेत, ठिकठिकाणी वैद्यकीय पथके असतात. सर्वांत कठीण टप्पा सुरुवातीसच येतो, याचाही एक लाभ आहे : ज्याला चालणे झेपणार नाही, त्याला ते सासवडलाच कळते आणि तेथून पुण्यास परतणे सोपे आहे. रजा किंवा शेतीची कामे यांमुळे पूर्ण वारी शक्य नसेल, त्यांनी लोणंद किंवा फलटण येथे सोहळ्यात सामील व्हावे. केवळ वाखरी ते पंढरपूर एवढेच चालणारेही वारकरीच. मात्र मोकळे जाऊ नये. एखाद्या दिंडीत आधी नाव नोंदवावे, म्हणजे जेवण, राहुटी आणि सामानाची गाडी यांची चिंता राहत नाही. पेरण्यांची वेळ आणि आषाढीची तिथी यांचा मेळ दरवर्षी सारखा नसतो. अधिक मास येऊन गेला की आषाढी पुढे सरकते, म्हणून निघण्यापूर्वी पंचांग पाहून दिवस ठरवावा.

सरावासाठी दूर जावयास नको. नागपूर ते कोराडी हे सुमारे पंधरा किलोमीटर झाले, की पुढचा पल्ला कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा येथील श्री विठ्ठल मंदिराचा धरावा. विदर्भाची पंढरी म्हणून हे क्षेत्र प्रसिद्ध आहे. तेथील नदीचे नावही चंद्रभागाच. पंढरीची वारी नित्य करणारे संत कोलबास्वामी वृद्धापकाळी थकले, तेव्हा विठ्ठल त्यांच्यासाठी धापेवाड्यास आला, अशी श्रद्धा आहे आणि आषाढी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. जे पंढरीस जाऊ शकत नाहीत, त्यांची वारी येथे पूर्ण होते असे जुनी मंडळी मानतात. पायांना घट्ट न होणारे, आधी महिनाभर वापरलेले पादत्राण, अंगावर सुती कपडे, पाठीवर शक्य तितके हलके ओझे आणि नियमित औषधे एवढी तयारी असावी. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय निघू नये. पायाला फोड आल्यास तो फोडू नये, स्वच्छ धुऊन झाकावा.

आळंदीस पोहोचल्यावर माउलींच्या मंदिराच्या महाद्वारात प्रवेश करताना भाविकांनी पहिल्या पायरीकडे अवश्य लक्ष द्यावे. तीच हैबतबाबांची समाधी. कार्तिक वद्य पक्षात माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो, तो या पायरीच्या पूजनाने. वर्षाच्या इतर दिवशी गर्दीच्या रेट्यात पायरी डोळ्यांआड होण्याचा संभव असतो. त्यामुळे महाद्वारापूर्वी क्षणभर थांबून, पायरीस हात लावून मगच आत जावे. सकाळी लवकर गेल्यास रांग कमी असते.